पाहुण्यांच्या आवाजातला अल्बम

1996 चा क्रिकेट विश्वचषक ज्यांनी टीव्हीसमोर ठाण मांडून पाहिला, त्यांना कोका-कोलाची ती जाहिरात आठवत असेल. गल्लीबोळातलं क्रिकेट, पडदाभर लाल रंग आणि मागे नुसरत फतेह अली खानसाहेबांचा आवाज. चाल ओळखीची होती, कारण तिच्यावरूनच उचललेलं ‘मोहरा’तलं गाणं तोवर प्रत्येक वरातीत वाजून वाजून जुनं झालं होतं. पण जाहिरातीतलं गाणं कानाला वेगळं लागत होतं. कव्वाली रंगत जाते तशी लय चढते, टाळ्या वाढतात, साथीदार मुख्य गायकाला आणखी वर ढकलतात. इथे तसं काही होत नव्हतं. खाली एक जड ठेका संथपणे चालला होता, त्याला कसली घाई नव्हती, आणि खानसाहेबांचा आवाज त्याच्यावर मोकळा फिरत होता.

तो ठेका बांधणारी मुलं इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची. मॅसिव्ह अटॅक हे त्यांच्या गटाचं नाव. पीटर गेब्रिएलच्या ‘रिअल वर्ल्ड’ने 1990 मध्ये खानसाहेबांचा ‘मस्त मस्त’ हा अल्बम काढला, त्याच्या शेवटी या मुलांनी नव्याने बांधलेली ही आवृत्ती आहे. म्हणजे आपल्याकडच्या लाखो लोकांनी मॅसिव्ह अटॅक ऐकलेलं आहे, नाव कानावर न पडता.

मला लिहायचंय ते या गटाच्या पहिल्या अल्बमबद्दल. ‘ब्लू लाइन्स’ 8 एप्रिल 1991 ला आला. नऊ गाणी, एकूण पाऊण तास. आज ज्याला डाउनटेम्पो म्हणतात, म्हणजे यंत्रांवर बांधलेलं पण धावपळ न करणारं, नाचण्यापेक्षा ऐकायला बसवणारं संगीत, त्याची वाट ज्या मोजक्या तबकड्यांनी पाडली त्यातली ही एक. त्या काळात इंग्लंडच्या क्लबांमध्ये वेगवान हाउस आणि टेक्नोचा धडाका चालू होता. मोठमोठ्या शेडमध्ये, शेतांमध्ये रात्रभर नाचणं चालायचं. अशा वेळी या मुलांनी लय बरीच खाली आणली. गटातला डॅडी जी पुढे एका मुलाखतीत म्हणाला होता की आम्हाला पायांसाठी नाही, डोक्यासाठी नाचाचं संगीत करायचं होतं.

मी ध्वनिमिश्रणाचं काम करते. मालिका, नाटकांचं पार्श्वसंगीत, मधूनच एखादा भावगीतांचा अल्बम. गोरेगावच्या एका स्टुडिओत शिकाऊ असताना तिथल्या सीनियरनी ही सीडी माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाले, “गाणं राहू दे. यात आवाज कुठे ठेवलाय ते ऐक.” आमच्या धंद्यात हा नेहमीचा प्रश्न. गायिकेचा आवाज वाद्यांच्या पुढे ठेवायचा की मध्ये, किती ओला, म्हणजे किती घुमता, ठेवायचा, त्याच्याभोवती काय काय कमी करायचं. नवशिक्या मिक्सरचा हात फेडर वर ढकलण्याकडे जातो. ‘ब्लू लाइन्स’ ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की आवाज मोठा करायचा असेल तर बाकीच्यांना गप्प बसवावं लागतं. आणि हे गप्प बसणं तिथे मिक्सिंगच्या टेबलावर सुरू होत नाही. गाणं रचतानाच कुणीतरी स्वतःला आवरलेलं असतं.

गटात तिघं होती. ग्रँट मार्शल, म्हणजे डॅडी जी. रॉबर्ट डेल नाया, म्हणजे थ्रीडी. आणि अँड्र्यू व्हॉल्स, म्हणजे मशरूम. तिघांपैकी एकही रूढ अर्थाने गायक नाही. थ्रीडी आणि डॅडी जी हलक्या, जवळजवळ पुटपुटल्यासारख्या आवाजात रॅप करतात, तेही अमेरिकी ढब न आणता आपल्या ब्रिस्टलच्या हेलात. गायला त्यांनी पाहुणे बोलावले. शारा नेल्सन, होरेस अँडी, टोनी ब्रायन. अल्बमचं काळीज या पाहुण्यांच्या गळ्यात आहे.

ब्रिस्टलबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हा अल्बम दुसऱ्या गावात झाला नसता. आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकात ब्रिस्टल येतं ते राजा राममोहन रॉय यांच्यामुळे. 27 सप्टेंबर 1833 ला त्यांचं तिथे निधन झालं आणि आर्नोस वेलच्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे. पण गावाची श्रीमंती गुलामांच्या व्यापारावर उभी राहिलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर जमैका, बार्बाडोस या वेस्ट इंडीजच्या बेटांवरून माणसं इथे कामाला आली, बरीचशी सेंट पॉल्स या भागात राहिली. 1963 मध्ये तिथल्या बस कंपनीने काळ्या आणि आशियाई माणसांना ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घ्यायला नकार दिला, तेव्हा गावाने बसवर बहिष्कार टाकला. पॉल स्टीफनसन हा त्यातला पुढारी. कंपनी ऑगस्टअखेर नमली आणि पुढच्याच महिन्यात कामावर रुजू झालेला पहिला गोरेतर कंडक्टर होता रघबीर सिंग, एक शीख माणूस. 1980 च्या एप्रिलमध्ये सेंट पॉल्समध्ये पोलिसांच्या छाप्यावरून दंगल पेटली. डॅडी जीचे आईवडील बार्बाडोसचे, थ्रीडीचे वडील इटलीतून आलेले. ही मुलं याच गावात वाढली.

जमैकन माणसांनी सोबत आणली ती साउंड सिस्टिम. हे नुसतं स्पीकरचं नाव नाही. एक अख्खी टोळी असते. कुणी तबकड्या निवडतो, कुणी माइकवर बोलतो, कुणी भलेमोठे स्पीकर रचतो, आणि रस्त्यावर किंवा एखाद्या तळघरात रात्रभर संगीत चालतं. आपल्याकडे मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात, त्या पाहिलेल्यांना आकाराची कल्पना येईल. फरक जोराचा आहे. साउंड सिस्टिमच्या जाणकार मंडळींना कान फुटेल असा आवाज नको असतो. त्यांना हवा असतो खोल बेस, छातीत उतरणारा, आणि त्याच्यावर भरपूर मोकळी हवा. किंग टबीसारख्या किंग्स्टनच्या साउंड इंजिनियरांनी सत्तरच्या दशकात तयार गाण्यातून गळा आणि वाद्यं काढून घेऊन फक्त ढोल, बेस आणि प्रतिध्वनी ठेवायला सुरुवात केली, तेच डब. गाण्यातून काय काढायचं हाही रचनेचा भाग असतो, ही गोष्ट जगाने त्यांच्याकडून शिकली.

ब्रिस्टलमध्ये ऐंशीच्या दशकात ‘वाइल्ड बंच’ नावाची अशी एक टोळी होती. डॅडी जी रेकॉर्डच्या दुकानात कामाला होता, त्यामुळे नवीन माल आधी त्याच्या हातात. थ्रीडी भिंतींवर ग्राफिटी काढायचा. रेगे, सोल, पंक, न्यूयॉर्कचं हिप-हॉप, चित्रपटांचं संगीत, सगळं एका रात्रीत एकापाठोपाठ वाजायचं. त्यांच्या मैफलीत काळी आणि गोरी पोरं एकत्र यायची. टोळी फुटल्यावर उरलेल्यांनी मॅसिव्ह अटॅक उभा केला.

मुलं हुशार, पण कामाला लागायला तयार नाहीत. हे त्यांनीच पुढे मोकळेपणाने सांगितलंय. नेने चेरी ही गायिका त्यांच्या मागे लागली नसती तर अल्बम झालाच नसता. तिचा नवरा कॅमेरॉन मॅकव्हे निर्मितीच्या बाजूला होता, जॉनी डॉलर हा त्यांचा जोडीदार. अल्बमचं बरंचसं काम नेनेच्या लंडनच्या घरात, तिच्या बाळाच्या खोलीत झालं. डॅडी जीने सांगितलेली आठवण अशी की त्या खोलीला कित्येक महिने कसला तरी वास यायचा, आणि शेवटी रेडिएटरच्या मागे बाळाचा वापरलेला लंगोट सापडला. मला ही आठवण फार आवडते. ज्या अल्बमला पुढे लोक सुळसुळीत आणि देखणा म्हणाले, तो पाळण्याच्या शेजारी, घरातल्या पसाऱ्यात झालाय. घराची ऊब मला तरी त्यात ऐकू येते.

आता हे संगीत बांधतात कसं ते पाहू. जुन्या तबकडीतले दोन-चार सेकंद यंत्रात उचलायचे आणि ते पुन्हा पुन्हा फिरवायचे. उचललेला तुकडा म्हणजे सँपल, फिरवलेला तुकडा म्हणजे लूप. ऐकायला सोपं वाटतं. खरी परीक्षा निवडीची असते. दहा हजार तबकड्यांतून कोणते दोन सेकंद असे आहेत जे शंभर वेळा ऐकले तरी खुपणार नाहीत? वर्षानुवर्षं तबकड्या वाजवणाऱ्या माणसाच्या कानालाच ते सापडतात.

पहिलंच गाणं ‘सेफ फ्रॉम हार्म’. त्याचा बेस आणि ढोल बिली कॉबमच्या 1973 सालच्या ‘स्ट्रॅटस’ या तुकड्यातून आलेत. कॉबम हा महाविष्णू ऑर्केस्ट्राचा ढोलवादक. दुसरं गाणं ‘वन लव्ह’. त्यात महाविष्णू ऑर्केस्ट्राच्याच 1971 च्या पहिल्या अल्बममधली एक सुरावट फिरत राहते. सहावं ‘अनफिनिश्ड सिम्पथी’, त्यात मधूनमधून येणारी पुरुषी आवाजाची साद याच ऑर्केस्ट्राच्या 1976 च्या अल्बममधली. नऊपैकी तीन गाण्यांचा धागा एका घराण्यापाशी जातो. आणि ते घराणं आपल्याला परकं नाही. जॉन मॅकलॉफ्लिन हा यॉर्कशरचा गिटारवादक श्री चिन्मय यांचा शिष्य झाला, त्यांनी त्याला महाविष्णू हे नाव दिलं. त्याच मॅकलॉफ्लिनने पुढे झाकिर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्यासोबत ‘शक्ती’ उभी केली. याच शक्तीत नंतर शंकर महादेवन आले, ज्यांना मराठी प्रेक्षक ‘कट्यार काळजात घुसली’तले पंडितजी म्हणून ओळखतात. 2024 मध्ये शक्तीला ग्रॅमी मिळालं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये झाकिरभाई गेले.

आमच्या स्टुडिओत एक वयस्क तबलावादक यायचे. सगळे त्यांना काका म्हणायचे. एकदा गायिका लोकलमध्ये अडकली होती, रेकॉर्डिंग खोळंबलं होतं, म्हणून मी त्यांना ‘वन लव्ह’ लावून दिलं. इंग्रजी गाण्यांबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. ते डोळे मिटून, मांडीवर बोटांनी मात्रा मोजत ऐकत राहिले. अर्ध्यात म्हणाले, “अगं, हा ठेका सोडतच नाहीये. दोन-दोन आवर्तनं झाली तरी एक तुकडा नाही, तिहाई नाही.” मला वाटलं त्यांना कंटाळा आला. “काका, बंद करू का?” “कशाला बंद? ठेका न सोडणं सोपं वाटतं का तुला? आम्हाला विचार. ख्यालाला साथ करताना हात शिवशिवतात. आणि गाणारा बघ, त्याला माहितीये खाली काही हलणार नाही, म्हणून निवांत गातोय.” मग मी त्यांना ती सुरावट कुणाची ते सांगितलं. मॅकलॉफ्लिन म्हटल्यावर ते एकदम सावरून बसले. शक्ती त्यांनी ऐकलेली होती. “पुन्हा लाव,” म्हणाले.

विलंबित एकतालात तबलजी नुसता ठेका धरून बसतो आणि गायक त्या आवर्तनाच्या पोटात हवं तसं हिंडतो. काकांनी जे ओळखलं ते नेमकं हेच होतं. लूप यंत्रातून येतो म्हणून कोरडा असेल हा समज ‘वन लव्ह’ ऐकल्यावर टिकत नाही. यंत्र चुकत नाही, हलत नाही, म्हणून माणसाचा आवाज तिथे जास्तच माणसाचा वाटतो. श्वास ऐकू येतो, सूर लावतानाची किंचित थरथर ऐकू येते.

‘वन लव्ह’ गाणारा होरेस अँडी. जन्म 1951, किंग्स्टन, जमैका. कॉक्सन डॉडच्या स्टुडिओ वनमध्ये त्याने तरुणपणी ‘स्कायलार्किंग’सारखी गाणी गायली. त्याचा आवाज एकदा ऐकला की दुसऱ्या कुणाचा वाटत नाही. उंच पट्टी, पातळ धार, आणि प्रत्येक सुराच्या शेवटी एक कंप. तो कंप शिकवून येणारा नव्हे. 1991 मध्ये होरेस चाळिशीला टेकला होता, रेगेची लाट ओसरली होती, नव्या पिढीचं लक्ष दुसरीकडे होतं. ब्रिस्टलची मुलं त्याच्या तबकड्या वाजवतच मोठी झालेली. त्यांनी त्याला सन्मानाने बोलावलं आणि एकदा बोलावून सोडून दिलं नाही. मॅसिव्ह अटॅकच्या पाचही स्टुडिओ अल्बमांत तो आहे. पाहुणा म्हणून आलेला माणूस घरचा झाला. अल्बमचं शेवटचं गाणं ‘हिम ऑफ द बिग व्हील’ही त्याचंच. पृथ्वीच्या फिरत्या चाकाचं, पुढच्या पिढीच्या काळजीचं गाणं आहे ते. नेने चेरीचाही त्यात हात आहे. मला ते गाणं प्रार्थनेसारखं वाटतं, आणि हे मी विचार करून लिहितेय.

आता ‘अनफिनिश्ड सिम्पथी’. यावर थांबायलाच हवं.

शारा नेल्सन स्टुडिओत स्वतःशी एक चाल गुणगुणत होती. तिच्या मनात घोळणाऱ्या एका गाण्याची चाल. ती मॅकव्हे आणि जॉनी डॉलर यांच्या कानावर पडली आणि त्यांनी तिथल्या तिथे ती धरून ठेवली. त्याखाली ठेका आला, घंटांसारखा किणकिणणारा, बॉब जेम्सच्या 1975 सालच्या एका तुकड्यावरून घेतलेला. आधी व्हायोलिनांचा भाग सिंथेसायझरवर वाजवून पाहिला होता. तो ऐकून त्यांना कळलं की इथे खरी माणसं हवीत. विल मलोनने वाद्यवृंदाची रचना लिहिली आणि ॲबी रोड स्टुडिओत चाळीसेक वादकांनी ती वाजवली. हा खर्च ठरलेल्या पैशात बसत नव्हता. मग गटाने आपली मित्सुबिशी शोगन गाडी विकली.

गाडी विकून काय विकत घेतलं ते लक्ष देऊन ऐका. सुरुवातीला फक्त ठेका आणि ती साद. मग व्हायोलिनं येतात, पण हिंदी चित्रपटसंगीतात येतात तशी गाण्याच्या ओळीला बिलगून, तिची नक्कल करत येत नाहीत. ती लांब, ताणलेले सूर धरतात. शारा गात असते तेव्हा दूर उभी राहतात, ती श्वास घ्यायला थांबली की पुढे सरकतात. तिची ओळ खाली उतरते तेव्हा वाद्यं वर चढतात. विरहाचं गाणं आहे, पण शारा कुठे रडत नाही. दुखावलेलं माणूस भर रस्त्यात ताठ मानेने चालत राहावं तसं गाते. मध्ये एक जागा अशी येते जिथे गळा थांबतो आणि पियानो काही स्वर टाकतो. विद्यार्थ्यांना मिक्सिंग दाखवताना मी ती जागा वाजवते आणि सांगते, इथे काय काय नाही त्याची यादी करा. गिटार नाही. कोरस नाही. ढोलाच्या उड्या नाहीत. एवढा मोठा वाद्यवृंद पैसे मोजून बसवलेला, आणि त्याला थोपवून धरलंय.

गाण्याची चित्रफीतही याच वळणाची. बेली वॉल्श या दिग्दर्शकाने शाराला लॉस एंजेलिसच्या वेस्ट पिको बुलेव्हार्डवरून चालायला लावलं. कॅमेरा तिच्यासोबत मागे मागे सरकतो आणि सगळं एका सलग टेकमध्ये टिपलंय, मध्ये कुठे कात्री नाही. आजूबाजूला रस्त्यावरची माणसं आपापल्या कामात. ती कुणाकडे पाहत नाही. गटातली मुलं त्यात आहेत, पण मागे, गर्दीत चालणारी. आपल्या सर्वांत मोठ्या गाण्याच्या चित्रात गटाने स्वतःला पार्श्वभूमीला ठेवलं.

हे गाणं फेब्रुवारी 1991 मध्ये बाजारात आलं तेव्हा आखाती युद्ध चालू होतं. ‘अटॅक’ हा शब्द रेडिओवर नको, म्हणून ते नुसत्या ‘मॅसिव्ह’ या नावाने निघालं. ब्रिटनच्या गाण्यांच्या यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत पोचलं. पुढे युद्धांच्या विरोधात या गटाने उघडपणे भूमिका घेतल्या, पण तेव्हा ते नवखे होते आणि त्यांनी नाव कापू दिलं.

बाकीच्या गाण्यांवरून मी भरभर जाते. ‘बी थँकफुल फॉर व्हॉट यू हॅव गॉट’ हे विल्यम डिव्हॉनच्या 1974 च्या गाण्याचं नव्याने केलेलं रूप, टोनी ब्रायनने गोड गायलंय, मला मूळचं जास्त आवडतं. ‘फाइव्ह मॅन आर्मी’, ‘डेड्रीमिंग’ आणि शीर्षकगीत ही रॅपची गाणी. तिथे ट्रिकी नावाचा एक किडकिडीत मुलगा ऐकू येतो, ज्याने चार वर्षांनी ‘मॅक्सिनक्वे’ हा स्वतःचा विलक्षण अल्बम काढला. ब्रिस्टलच्या कोच हाउस स्टुडिओत हे काम चालू होतं तेव्हा जेफ बॅरो नावाचा पोरगा तिथे टेप लावण्या-काढण्याच्या कामाला होता. त्याने पुढे पोर्टिसहेड हा गट काढला. आमच्या व्यवसायात असं होतं. चहा आणणारा, केबल गुंडाळणारा मुलगा कोपऱ्यात उभा राहून सगळं ऐकत असतो.

1994 मध्ये एका इंग्रजी मासिकाने या प्रकारच्या संगीताला ‘ट्रिप हॉप’ असं नाव दिलं. ब्रिस्टलच्या कुणालाच ते आवडलं नाही. पण लेबल लागलं की माल वाढतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हॉटेलांच्या लॉबीत, कॉफीच्या दुकानात, विमान सुटण्याआधी, सगळीकडे असंच काहीतरी वाजू लागलं. संथ ठेका, मऊ गळा, दोन-चार व्हायोलिनं. त्यातलं बरंचसं मी कामाच्या निमित्ताने ऐकलंय आणि ते मला पोकळ वाटतं. कारण सरळ आहे. ‘ब्लू लाइन्स’चा मवाळपणा कडवट गोष्टींवर उभा आहे. ‘सेफ फ्रॉम हार्म’ हे मुळात धोक्याचं गाणं, आपल्या माणसाला कुणी हात लावला तर खबरदार असं बजावणारं, आणि ते इतक्या शांतपणे गायलंय म्हणून जास्त धास्ती वाटते. नक्कल करणाऱ्यांनी शांतपणा घेतला आणि धास्ती सोडून दिली.

सँपलच्या बाबतीतही हा अल्बम एका काळाच्या टोकावर उभा आहे. 1991 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत एका रॅपरच्या खटल्यात न्यायालयाने निकाल दिला की परवानगी न घेता तुकडा उचलणं ही चोरी. तिथून पुढे प्रत्येक तुकड्यासाठी वकील आणि पैसे लागू लागले. माझं मत या बाबतीत स्पष्ट आहे. ज्याने मूळ वाजवलं त्याला नाव आणि दाम मिळायलाच हवं. आमच्याकडेही एखाद्या वादकाने वाजवलेला तुकडा त्याला न विचारता दुसऱ्या मालिकेत चिकटवलेला मी पाहिलाय, आणि त्या वादकाचा चेहराही पाहिलाय.

नाव मिळण्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगते. आपल्याकडे गायिकेचं नाव घराघरात असतं आणि संगीत संयोजकाचं नाव कुणाला ठाऊक नसतं. अनिल मोहिले यांनी किती गाण्यांचा वाद्यमेळ बांधला हे विचारलं तर रसिकही गडबडतात. ‘ब्लू लाइन्स’च्या बाबतीत उलट झालं. ज्यांनी संयोजन केलं त्यांचं नाव जगभर गाजलं, आणि जिच्या गळ्याने ते लोकांच्या काळजात उतरवलं तिचं नाव विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. शारा नेल्सन. नऊपैकी चार गाण्यांत तिचा आवाज आहे आणि ‘अनफिनिश्ड सिम्पथी’च्या रचनाकारांमध्ये तिचं नाव आहे. चाल तिच्या ओठांवर होती. पुढच्या अल्बमात ती नाही. गटाने नवे पाहुणे बोलावले, नवे गळे शोधले, आणि त्यांनीही चांगलं काम केलं. पण पहिल्या अल्बमला जे वजन आहे ते शाराचं आहे, हे मला दरवेळी नव्याने जाणवतं.

ज्यांना ऐकायचं असेल त्यांना कामाच्या अनुभवावरून एक सांगते. मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. अर्धा अल्बम खालच्या सुरांत आहे आणि तो तिथे पोचतच नाही. बरे हेडफोन, नाहीतर घरातली जुनी म्युझिक सिस्टिम. आवाज मध्यम ठेवा. आणि सगळे ‘अनफिनिश्ड सिम्पथी’पाशी थांबतात तसं थांबू नका. आठवं गाणं ‘लेटली’ आहे, शाराचंच. त्याचा बेस लोरेलच्या 1979 च्या एका सोल गाण्यावरून घेतलाय. त्यात व्हायोलिनं नाहीत, गाडी विकावी लागली नाही, त्यावर कुणी लेख लिहीत नाही. ठेका आणि ती, एवढंच. माझ्या मते अल्बममधली तिची सर्वांत सच्ची गायकी तिथे आहे. ते आवडलं तर तिचा स्वतःचा 1993 चा ‘व्हॉट सायलेन्स नोज’ शोधा. पुढच्या वर्षी मर्क्युरी पुरस्काराच्या यादीत तो होता, आणि मुखपृष्ठावर पाहुणी म्हणून नाही, तिच्या एकटीच्या नावाने.